ठमी, खंड्या आणि गवताचे सात ट्रे

९ ऑक्टोबर २०२४, बुधवार

घटाची सातवी माळ. सकाळी देवघरात गेले तर ठमी पत्रावळीच्या कडेला बसून घटाचं धान खात होती. वीतभर वाढलेले पिवळे कोंब, आणि एका बाजूचा पट्टा कात्रीने कापल्यासारखा साफ. मागून सासूबाई आल्या. "आगं हाकल तिला! दसऱ्याला टोपीत काय खोवायचं, मांजराचं उष्टं?"

हाकललं. वीस मिनिटांनी तिने तेच धान पायपुसण्यावर ओकून काढलं. कोंब जसेच्या तसे, वर पांढरा फेस आणि केसांची एक गुंडाळी. नंतर दूध पिऊन गच्चीवर झोपली. तिला काही झालं नाही, पण मला घोर लागला. आमच्या घटात गहू, ज्वारी, मका, सातू, करडई असं सगळं मिसळून पेरतात. यातलं मांजराला काय चालतं आणि काय नाही?

कराडजवळ कृष्णाकाठी आमचं गाव. दिरांच्या गोठ्यात चार गायी, शेजारी चार गुंठे हत्तीगवत. गायीला काय घालायचं, किती घालायचं, हे इथलं शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. मांजराला कुठलं गवत चालतं असं विचारलं की लोक हसतात. म्हणून वही घातली. जे करीन ते तारखेनिशी लिहायचं, फसलेलं आधी.

१० ऑक्टोबर

भाऊजींना विचारलं. ते धार काढत होते, मान वर न करता म्हणाले, "वहिनी, बाकी काय बी खाऊ दे, कोवळी ज्वारी नको. किरळ लागती."

हे मला माहीत होतं, पण गायीपुरतं. ज्वारीचं पीक कोवळं असताना, गुडघ्याच्या आत असताना, त्यातून पाण्याचा ताण बसला असेल तर जास्तच, त्याच्या पानांत असं द्रव्य असतं की पोटात गेल्यावर त्याचं हायड्रोसायनिक आम्ल होतं. जनावर धापा टाकतं, लडखडतं, वेळेवर डॉक्टर आला नाही तर तासाभरात संपतं. म्हणून चाऱ्याची ज्वारी फुलोऱ्यात आल्यावरच कापतात. घटातली ज्वारी म्हणजे तर अगदी कोंबच. ठमीने खाल्ले ते चार-पाच कोंब, तेही मिसळीतले, आणि लगेच बाहेर आले. तरी माझ्या कुंडीत ज्वारी पेरायची नाही, हा पहिला निर्णय.

दुसरा निर्णय गवती चहाचा. नळाजवळच्या त्या ठोंबाची पानं ठमी येता-जाता चावते. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिसंस्थेच्या यादीत गवती चहा मांजर, कुत्रा आणि घोडा तिघांसाठी विषारी म्हणून दिला आहे. वास त्यातल्या तेलाचा, आणि पोट बिघडतं तेही बहुतेक त्यानेच. ठोंब उपटला नाही, सासूबाईंचा चहा आहे. कुंडीत लावून खिडकीबाहेरच्या जाळीत टांगला.

१२ ऑक्टोबर, दसरा

घट उठले. धान टोपीत, कानावर, देवापुढे गेलं. ठमीचं गवत संपलं आणि ती थेट गोठ्यात जाऊन हत्तीगवताच्या पेंढीवर बसली.

इथे माझी मोठी चूक झाली. मला वाटलं, गायी रोज खातात, विषारी नाही, मग खाऊ दे. हत्तीगवताबद्दल एकच तक्रार ऐकून होते, की त्यातलं ऑक्झॅलेट शरीरातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून गायींना ते एकटं न घालता सोबत लसूणघास घालावा. दोन घास खाणाऱ्या मांजराला त्याचं काय? हिशोब बरोबर होता. पण पानाची कड मी बघितलीच नाही. गवत कापून आल्यावर भाऊजींच्या हातावर बारीक लाल रेघा असतात, त्या रोज दिसत असूनही.

१५ ऑक्टोबर

परतीचा पाऊस. ठमी सकाळपासून शिंकते आहे. एकदा सुरू झालं की आठ-दहा शिंका ओळीने.

२१ ऑक्टोबर

सहा दिवस वाया गेले. पावसात भिजली, सर्दी झाली, असं आम्हीही म्हणालो आणि जवळच्या दवाखान्यातही तेच सांगितलं. अँटिबायोटिक, मग दुसरं अँटिबायोटिक, वाफ. तीन फेऱ्यांचे ९०० आणि औषधांचे ६४०. उतार नाही.

या दिवसांत जे दिसत होतं ते लिहून ठेवते, कारण नंतर कळलं की उत्तर त्यातच होतं. शिंका सुरू झाल्या त्या एकदम, एका सकाळी. आदल्या दिवशी मांजर ठणठणीत. शेंबूड येत होता तो फक्त डाव्या नाकपुडीतून. ताप नव्हता. मान लांब करून घोरल्यासारखा उलटा श्वास घ्यायची, घशात काही अडकल्यासारखं गिळत राहायची. खायला मागायची, पण दोन घासांत थांबायची.

हे सगळं मी पहिल्याच दिवशी नीट सांगितलं असतं तर कदाचित फरक पडला असता. मी फक्त "शिंकते" एवढंच सांगितलं होतं.

२२ ऑक्टोबर

दुसऱ्या डॉक्टरांकडे, शहरात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गवत खाते का?"

हो म्हणाले. त्यांनी भूल दिली, जबडा उघडला, एका बोथट वाकड्या हुकाने टाळूचा मागचा मऊ पडदा पुढे ओढला. मला जवळ बोलावलं. आतल्या गुलाबी ओल्या भागात एक हिरवं टोक दिसत होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. चिमट्यात धरून त्यांनी हळूहळू ओढलं. येतच राहिलं. शेवटी गॉजवर ठेवलं तेव्हा बोटभर लांब पात निघाली, अर्धी हिरवी, अर्धी तपकिरी, वर चिकट शेंबूड. आठ दिवस ती मांजराच्या नाकाच्या मागच्या बाजूला बसली होती.

डॉक्टर म्हणाले, मांजरांत हे त्यांना पावसाळ्यानंतर दर वर्षी बघायला मिळतं. मांजर पात पुरती न चावता गिळतं, मग ओकायला जातं, आणि ओकताना पात तोंडाऐवजी टाळूच्या मागून वर नाकात चढते. मऊ पात असेल तर शिंकेबरोबर निघून जाते. करवती कडेची असेल तर ती एकाच दिशेला सरकते, मागे येत नाही.

भूल, पात काढणं, पाच दिवसांचं औषध मिळून २,२००. घरी आल्यावर एकही शिंक नाही.

२४ ऑक्टोबर

हत्तीगवताचं पान हातात घेऊन बसले. बुडख्याकडून टोकाकडे कडेवरून अंगठा फिरवला, काही लागलं नाही. टोकाकडून बुडख्याकडे आणला आणि अंगठा अडकला. उन्हात धरलं तर कडेला बारीक दाते दिसतात, सगळे टोकाकडे कललेले. पानाच्या बुडाशी लव, तीही खरखरीत. हीच परीक्षा मग घरातल्या प्रत्येक गवतावर केली. हरळी: जवळजवळ गुळगुळीत. गव्हाची कोवळी पात: अगदी मऊ. उसाचं पाचट: हत्तीगवताचा मोठा भाऊ.

गोठ्यात आता हत्तीगवत आल्या आल्या कडबाकुट्टीत जातं, पेंढी उघडी पडून राहत नाही. भाऊजी कुरकुरले, "मांजरासाठी आता कुट्टीची वेळ बदलायची?" पण ज्या दिवशी ती पात डबीतून आणून दाखवली त्या दिवसापासून गप्प आहेत. पात मी ठेवली आहे, आगपेटीत.

शेजारपाजारचे विचारतात, मग हत्तीगवत विषारी म्हणायचं का? नाही. पण ते माझ्या मांजराच्या पोटात जाऊ नये, एवढं मी सांगते. खंड्या कुत्रा तेच गवत दोन वर्षं खातो आहे, त्याला काही झालेलं नाही. त्याचं नाकाड लांब आणि तो दाढेने चावतो. तरी त्यालाही आता मुद्दाम देत नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार. ट्रे १

स्वतःच गवत लावायचं ठरवलं. गहू. घरात आहे, सगळ्यांना रुजवता येतो, पात मऊ.

डब्यातले दोन मुठी गहू भिजवले तर पाणी दुधासारखं झालं. सासूबाई म्हणाल्या, "बोरिक पावडर लावलीय की गं, वर्षाचे गहू ते." आपण दळायच्या आधी चाळतो, पाखडतो, त्यामुळे लक्षात राहत नाही. कोंबासाठी नको म्हणून ते ओतून दिले. भाऊजींकडून खळ्यावरचे, काही न लावलेले किलोभर आणले, ४० रुपये ठेवले, ते घेत नव्हते. एरंडेल लावलेले गहूही वापरू नयेत, तेलाने पाणी नीट मुरत नाही.

रात्रभर भिजवले, सकाळी ओल्या फडक्यात मटकीसारखे बांधले, संध्याकाळी रोपवाटिकेच्या पसरट ट्रेत कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यावर, पसरले. ट्रे दोन घेतले, ८० रुपये. कोकोपीटची वीट ६०.

३० ऑक्टोबर

ट्रे १ फेकला. सगळ्या दाण्यांभोवती पांढरं लव आलं होतं. बुरशी म्हणून उकिरड्यावर टाकला.

संध्याकाळी उकिरड्याकडे बघितलं तर पावसाचे चार थेंब पडल्यावर ते लव गायब. दाण्यांना लालसर पांढरी मुळं आणि टोकाला हिरवा ठिपका. ती बुरशी नव्हती, मुळांचे केस होते! फरक असा: मुळांचे केस फक्त मुळावर असतात, ब्रशसारखे सगळीकडे सारखे उभे, आणि पाण्याचा फवारा मारला की चिकटून दिसेनासे होतात. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाते, फवाऱ्याने जात नाही, आणि तिला शिळ्या भाकरीचा वास येतो. चांगला ट्रे मी स्वतःच्या हाताने घालवला. दिवाळी उद्यावर आलेली, पुन्हा भिजवायला वेळ नाही.

२ नोव्हेंबर, पाडवा. ट्रे २

पुन्हा गहू. यावेळी घाईत दोन चुका एकदम. दाणे इतके दाट पसरले की एकावर एक थर झाला, आणि उंदीर येऊ नयेत म्हणून वर दुसरा ट्रे उपडा घालून झाकला.

७ नोव्हेंबर

आता खरी बुरशी. मधल्या भागात राखाडी, कडेला काळे ठिपके, वास तोच. ट्रेच्या तळाशी भोकं होती, पण ट्रे सपाट फरशीवर असल्याने पाणी जायला वाटच नव्हती. पहिल्यासारखी चूक नको म्हणून फवारा मारून पाहिला, हलली नाही. फेकला, ट्रे साबणाने धुऊन दिवसभर कडक उन्हात वाळवला.

बुरशीच्या बाबतीत "वरचं काढून टाकू, बाकी देऊ" असं करायचं नाही. बुरशी पसरलेल्या कोंबांनी मांजर खरंच आजारी पडू शकतं, आणि नुकसान किती? दहा रुपयांचे गहू.

१० नोव्हेंबर. ट्रे ३, सगळ्यात लाजिरवाणा

भाऊजी ओटचं बी आणायला कृषी सेवा केंद्रात गेले होते, रब्बीची चाऱ्याची पेरणी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं फुले हरिता मिळतं का बघत होते, दुसरं मिळालं. परदेशात मांजरांसाठी ओटच पेरतात हे वाचलेलं, म्हणून मीही त्यांच्याबरोबर दोन किलो मागवलं, १८० रुपये. दुपारी पिशवी फोडली, मूठभर बी भिजत घातलं. पाणी गुलाबी झालं. मी म्हटलं, सालीचा रंग असेल.

रात्री भाऊजींनी ते पातेलं बघितलं आणि ओरडलेच. पिशवीवर लिहिलेलं होतं, बियाण्यास बुरशीनाशक लावलेलं आहे, खाण्यासाठी अथवा चाऱ्यासाठी वापरू नये. लाल अक्षरांत. मी पिशवी खालून फोडली होती, चिठ्ठी वरच्या शिवणीत.

पेरणीचं बी आणि खायचं धान्य यांच्यात हा फरक असतो, हे शेतकऱ्याच्या घरात वीस वर्षं काढूनही डोक्यात आलं नाही. लावलेलं बी धुऊनही वापरायचं नाही. ते पाणी नालीतही ओतू दिलं नाही त्यांनी, खड्डा काढून मातीत घातलं. पातेलं आता स्वयंपाकघरात नाही, शेणाच्या बादलीशेजारी आहे. ओट सगळे भाऊजींच्या वाफ्यात गेले.

त्याच रात्री ह्यांनी एक प्रयोग केला: नाश्त्याचे ओट्स भिजवले. ते वाफवून चेपलेले, त्यांना कोंब कुठून येणार? सकाळी खळ झाली होती.

१७ नोव्हेंबर. ट्रे ४

एवढ्या चुकांवरून जे उरलं ते असं केलं. खळ्यावरचे गहू, तीनदा धुतले. आठ तास भिजवले, जास्त नाही. एक दिवस फडक्यात मोड आणले. ट्रेत तीन बोटं पोयट्याची माती आणि कोकोपीट निम्मं निम्मं, कारण नुसत्या कोकोपीटात ठमीने एक फटका मारला की सगळी गादी उलटी होते. दाणे एकमेकांना लागून, पण एकावर एक नाहीत. वरून मातीचा अगदी पातळ थर. ट्रेखाली दोन फळकुटं, म्हणजे पाणी निथळतं. झाकण नाही. दोन दिवस फक्त ओलं फडकं वर, कोंब दिसले की तेही काढलं. पाणी सकाळी एकदाच, फवाऱ्याने. उन्हं कोवळी, पूर्वेच्या खिडकीत.

२४ नोव्हेंबर

सातवा दिवस, चार बोटं उंच. ट्रे खाली ठेवला. ठमीने वास घेतला, मान तिरकी करून बाजूच्या दातांनी एक पात कापली, मग दुसरी. पाच मिनिटं. मी श्वास धरून बघत होते. शिंक नाही.

पात चार बोटांच्या वर जाऊ देत नाही, कात्रीने कापते. लांब पात नाकात वर चढते, आखूड सहसा चढत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. कापलेलं गायीला.

आजपासून कोण कधी खातं आणि ओकतं याच्या रेघा वहीच्या मागच्या पानावर. ट्रे ५ पेरला, सातूचा. (त्याचं काय झालं ते नंतर इथेच लिहिलं.) पूजेच्या दुकानातले जव आणले, जुने निघाले, निम्मे उगवलेच नाहीत. जे उगवले त्यांची पात गव्हापेक्षा रुंद आणि ठमीला जास्त आवडली. ताजं बी मिळालं तर पुन्हा करीन.

२६ नोव्हेंबर. खंड्याची हरळी

ट्रेवर खंड्याने दोनदा धाड घातली, म्हणून त्याची वेगळी सोय. तो बांधावरची हरळी खातो, लहानपणापासून. हरळी म्हणजे गणपतीच्या दूर्वा. गाय, म्हैस, घोडा, शेळी सगळ्यांची ती वैरण. तिच्यात माझ्या अंगठ्याला काही लागत नाही.

पण काल बांधावरची हरळी पिवळी पडलेली दिसली. विचारलं तर भाऊजींनी तीन दिवसांपूर्वी तणनाशक मारलेलं. सांगितलं का नाही? "बांधावर मारायचं कुणाला सांगू वहिनी?" खंड्याला पट्टा बांधला, बांध बंद. शेजारच्या उसातही टू-फोर-डी हे तणनाशक मारतात, आणि कुत्र्याच्या शरीरातून ते माणसापेक्षा हळू बाहेर पडतं. पायाला लागलेलं चाटून पोटात जातं ते वेगळंच.

म्हणून भाजीचा जुना क्रेट घेतला, १५० रुपये. आत गोणपाट, त्यात माती. देवळामागच्या पटांगणात कोणी काही फवारत नाही, तिथून हरळीच्या काशा खणून आणल्या, बोटभर तुकडे करून पुरल्या. काशांबरोबर लव्हाळ्याच्या गाठी आल्या, त्या निवडण्यात दुपार गेली.

८ डिसेंबर

मध्येच ही नोंद. खंड्या परवापासून पुढचा डावा पाय चाटत होता. आज लंगडायला लागला. दोन बोटांच्या बेचक्यात लाल गाठ, मध्ये बारीक भोक, त्यातून पाणी.

कुसळ. बांध बंद केला म्हणून त्याला माळावर फिरवायला नेत होते, आणि माळावर आत्ता कुसळी गवत वाळून उभं आहे. एका धोक्यातून काढला आणि मीच दुसऱ्यात घातला. कोवळं असताना हेच गवत गुरं आवडीने खातात. वाळलं की त्याचं बी म्हणजे सुई: टोक अणकुचीदार, अंगावर उलटी लव, आणि मागे पीळ घातलेली शेपटी. मी एक कुसळ उचलून ओल्या तळहातावर ठेवलं. क्षणभर पडून राहिलं, मग शेपटीचा पीळ सुटायला लागला आणि सगळं कुसळ स्वतःभोवती फिरायला लागलं. टोक कातडीत घुसायला बघत होतं. झटकलंच.

डॉक्टरांनी गाठ उघडून दोन कुसळं काढली, ८५० रुपये. त्यांचं म्हणणं, वेळेवर आलात, हे पायातून वर चढत जातं. कानात गेलं तर कुत्रं मान तिरकी करून डोकं झाडत राहतं. नाकात गेलं की एकदम शिंकांचा सपाटा, ठमीसारखाच. आता माळावरून आलं की बोटांच्या बेचक्या, कान, काखा रोज बघायच्या. खंड्याला ते आवडत नाही. माळ जानेवारीत चरून साफ होईपर्यंत फिरणं डांबरी रस्त्यावर.

२२ डिसेंबर

२४ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर, अठ्ठावीस दिवसांच्या रेघा मोजल्या.

ठमी: १७ दिवस गवत खाल्लं, ४ वेळा ओकली. त्यातल्या तीनदा केसांची गुंडाळी निघाली, एकदा नुसतं गवत आणि फेस.
खंड्या: ११ दिवस खाल्लं, एकदा ओकला.

म्हणजे गवत खाल्लं की ओकलंच पाहिजे असं नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठाने २००८ मध्ये १,५७१ कुत्र्यांच्या मालकांना विचारून पाहिलं होतं. खाल्ल्यावर आपला कुत्रा नेहमी ओकतो असं सांगणारे साधारण पाचातले एक, आणि खायच्या आधी तो आजारी दिसतो असं म्हणणारे त्याहून कितीतरी कमी. "पोट बिघडलं म्हणून गवत खातंय" हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य आहे. खंड्याच्या बाबतीत तरी ते खरं नाही, तो भरल्या पोटी चरतो.

ओकण्याची काळजी कधी करायची, हे मी माझ्यापुरतं ठरवलंय. रक्त दिसलं, दिवसात दोनदापेक्षा जास्त झालं, खाणं सोडलं किंवा नुसत्या कोरड्या उबळी येत राहिल्या, तर डॉक्टरांकडे जायला थांबायचं नाही. आणि एका नाकपुडीचा शेंबूड दिसला तर सर्दीवर एक दिवससुद्धा घालवायचा नाही.

५ जानेवारी २०२५

थंडीत गहू सावकाश येतो. नोव्हेंबरात सात दिवस लागले, आता दहा-अकरा. एक ट्रे दोनदा कापून फुटतो. तिसऱ्यांदा येणारी पात विरळ आणि राठ असते, ठमी तोंड लावत नाही. म्हणून दर दहा दिवसांनी नवा ट्रे, जुना मातीसकट परसातल्या केळीखाली.

ट्रे ६ खपली गव्हाचा केला. टरफलासकट पेरली, टरफलात पाणी धरून राहिलं, दोन कोपऱ्यांत बुरशी. फेकला. खपली खिरीलाच बरी. ट्रे ७ पुन्हा साधा गहू, बिनतक्रार.

हरळीचा क्रेट थंडीत हलतच नाही. सहा आठवड्यांत निम्माच भरला. त्यात खंड्याने एका कोपऱ्यात पाय वर केला, तिथे ताटलीएवढं पिवळं वर्तुळ. क्रेट आता त्याच्या खांद्याएवढ्या उंचीच्या ओट्यावर आहे. मान वर करून खाता येतं, पाय वर करून काही करता येत नाही.

खर्चाचा हिशोब, ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी: ट्रे ८०, कोकोपीट ६०, गहू ४०, क्रेट १५०, वाया गेलेले ओट १८०. एकूण ५१०. यातले ओट सोडले तर तीनशे-साडेतीनशेत काम होतं. सातूचे जव आणि खपली चहाच्या पैशात बसली, धरली नाही. ठमीच्या नाकाचे ३,७४०. खंड्याच्या पायाचे ८५०. सगळं मिळून ५,१००. ह्यांनी ही बेरीज वाचली आणि म्हणाले, एवढ्यात गाईचं वासरू झालं असतं. होत नाही, मी भाव विचारला.

१९ जानेवारी

मागच्या आळीतल्या काकू ट्रे बघून गेल्या. त्यांच्या मुलाने मुंबईहून पांढरी केसाळ मांजर पाठवली आहे, घराबाहेर पाऊल टाकत नाही, तुळस खाते. त्यांना मूठभर गहू दिले, आगपेटीतली पात दाखवली, आणि बी-बियाण्याच्या दुकानातून काही आणू नका असं दोनदा सांगितलं.

उन्हाळ्यात हे सगळं बदलेल. एप्रिलमध्ये पूर्वेची खिडकी तापते, भिजवलेले गहू फडक्यात आंबतील. तेव्हा ट्रे माठाशेजारी ठेवून बघायचा विचार आहे.

नवे गहू आले की वेगळा डबा भरायचा, म्हणून आत्ताच रिकाम्या डब्यावर चिठ्ठी चिकटवली: "मांजराचे गहू. बोरिक लावू नये." संध्याकाळी बघितलं तर खाली सासूबाईंच्या अक्षरात पेन्सिलने भर पडली होती, "घटाचे पण यातलेच."